मकरपुऱ्यातलं वायरकटचं काम: घड्याळाचे आकडे इथे द्या, जाळी नको

देवनागरी आकडे पितळेच्या पत्र्यातून कापून घ्यायचे असतील, तर वडोदऱ्यात मी मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतल्या या छोट्या वायरकटवाल्याकडेच जाईन. वायरकट म्हणजे बारीक तारेवरच्या विजेच्या ठिणग्यांनी धातू कापणं. जाळी कापायची असेल तर जाणार नाही. दुकानाचं नाव देत नाही. दोनच मशीन आहेत, एकदोन नगांची कामं मालक केवळ आवडीने घेतो, आणि गर्दी झाली तर तीच आधी बंद होतील. पण पुढे लिहिलंय ते अशा कुठल्याही शेडमध्ये उपयोगी पडेल.

काम असं होतं. सेकोच्या एनएच३५ या घड्याळाच्या यंत्रावर बसणारी २८.५ मिमी व्यासाची तबकडी, ०.४ मिमीचा तळ, त्यावर ०.३ मिमी जाडीचे सुटे कापून चिकटवलेले आकडे. एचएमटीच्या 'जनता' घड्याळावर देवनागरी आकडे छापलेले असायचे. मला ते उठावाचे हवे होते, तिरपा उजेड पडला की स्वतःची सावली टाकणारे. मधोमध अहमदाबादच्या सिदी सय्यद मशिदीतल्या झाडाच्या जाळीवरून काढलेली नक्षी. ती मशीद १५७३ च्या सुमाराची, आणि दगडात जे साधलंय ते पितळेत साधायला हवं असं मला फार वर्षं वाटतंय. मी कलाभवनात ड्रॉइंग शिकले, नोकरीही ड्रॉइंग ऑफिसात झाली, त्यामुळे रेषा माझी आणि कापणं दुसऱ्याचं हे मला सवयीचं आहे.

वायरकटमध्ये तार धातूला टेकतच नाही. तार आणि पत्रा यांच्यात ठिणग्या उडतात आणि त्या धातू कणाकणाने झिजवतात. पत्र्यावर दाब येत नाही, म्हणून ०.३ मिमीचा पत्राही वाकत नाही. इथल्या मशीनवर ०.१८ मिमीची मॉलिब्डेनमची तार आहे, रिळावर पुढे-मागे धावणारी. तारेची निम्मी जाडी आणि ठिणगीची फट धरली, की आतला कोणताही कोपरा साधारण ०.१ मिमी त्रिज्येने गोल होणारच. ३ च्या मधल्या खाचेत तो गोलवा भिंगातून दिसतो, मनगटावर नाही.

मालकाने ड्रॉइंग पाहून पहिला प्रश्न विचारला तेव्हाच मला हा माणूस पटला. "काकू, एकाच्या डोक्यातली गाठ बंद ठेवायची का? बंद असली तर प्रत्येकीत भोक पाडून तार ओवावी लागेल." बारा तासांच्या आकड्यांत १ पाच वेळा येतो, ४ आणि ० एकेकदा. माझ्या वळणात या तिन्ही अंकांचे डोळे बंद, म्हणजे सात भोकं, सात वेळा तार तोडून पुन्हा ओवणं. गाठ उघडी ठेवली असती तर काम स्वस्त झालं असतं, पण उघड्या गाठीचा १ मला अर्धवट वाटतो. मी बंदच ठेवली. त्यांनी ०.५ मिमीची भोकं पाडली आणि डोळे तेवढ्यापुरते किंचित मोठे करायला सांगितले. सल्ला बरोबर होता.

खरा फायदा थप्पीत आहे. वायरकटचा दर कापलेल्या क्षेत्रफळावर असतो, रेषेची लांबी गुणिले जाडी. एकच पातळ पत्रा नेला तर क्षेत्रफळ नगण्य, पण मशीन लावण्याचे आणि भोकांचे पैसे पूर्ण. त्यांनी दहा पत्रे एकावर एक रचले, वरखाली १ मिमीच्या पट्ट्या लावून घट्ट आवळले आणि ५ मिमीचा ठोकळा समजून कापला. दहा संच निघाले, दहाही तंतोतंत सारखे. सुटे अंक मशीनच्या टाकीत पडून हरवू नयेत म्हणून प्रत्येक अंक बारीक पुलाने चौकटीला धरून ठेवलेला, तो पूल आपण घरी करवतीने सोडवायचा. कड सरळ, तिला खरखरीत कंगोरा (बर) नाही, रंग मात्र मळकट करडा. तारेच्या जाण्यायेण्याच्या फिकट रेघा कडेवर दिसतात, त्या बारीक पॉलिश पेपरवर निघतात.

जाळीचं ड्रॉइंग उघडल्यावर ते बराच वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "ही माझ्याकडे देऊ नका." जाळी म्हणजे बंद छिद्रांचीच वस्ती. प्रत्येक छिद्राला वेगळं भोक, वेगळी ओवणी. पैसे घेऊन त्यांना हे काम आठवडाभर रेंगाळवता आलं असतं. नाही म्हणाले, याचे गुण मी वेगळे देते.

सराफांना नावाची पेंडंटं कापून देणाऱ्या एका फायबर लेझरवर जाळीचा नमुना काढून पाहिला. पितळ लेझरचा बराच प्रकाश परत फेकतं, म्हणून ताकद वाढवावी लागते, आणि मग बारीक फांद्या तापून वळतात. मागच्या बाजूला वितळलेल्या धातूचे मणी राहतात. जाड लॉकेटला ते चालून जातं, २८ मिमीच्या तबकडीला नाही.

जाळीसाठी एचिंगच, म्हणजे नको तेवढा धातू रसायनाला खाऊ देणं. पत्र्यावर प्रकाशाला संवेदनशील थर, वर नक्षीची फिल्म, मग फेरिक क्लोराइड. छिद्रं दहा असोत की तीनशे, सगळी एकदमच खाल्ली जातात. द्रावण बाजूलाही खातं, म्हणून पत्र्याच्या जाडीपेक्षा लहान छिद्राची अपेक्षा धरू नये. मी ०.२ मिमीचा पत्रा घेतला, तासकाट्याखाली जागा तशीही कमीच असते. शिवाय एका बाजूने अर्ध्या खोलीपर्यंतच खाऊ दिलं की पानांच्या शिरा उठतात, आणि हे वायरकटला कधीच जमणार नाही. एकच नग हवा असेल आणि हात बसलेला कारागीर मिळाला, तर सोनाराची ८/० नंबरची बारीक करवत अजूनही सगळ्यात उत्तम. तिचं पातं सुमारे ०.१६ मिमी जाड, म्हणजे तारेच्याच तोडीचं, आणि टोकदार कोपरा तिलाच काढता येतो.

तक्रारीही आहेत. सांगितलेली तारीख पाळली जात नाही. कारखान्यांच्या साच्यांचं (डाय-पंचचं) काम आलं की हौशी काम मागे पडतं, आणि फोन केल्याशिवाय ते कळत नाही. तयार तुकडे कूलंटने (कापताना मशीनमध्ये वाहणाऱ्या द्रवाने) ओले असतानाच वर्तमानपत्रात गुंडाळून दिले, पितळेवर डाग पडले. मशीनवरचा मुलगा भला आहे. "बेन, डबो लावजो," म्हणाला. झाकणाचा डबा न्या आणि घरी येताच साबणाच्या कोमट पाण्याने धुऊन पुसा.

ड्रॉइंगची फाइल डीएक्सएफ या प्रकारची हवी, मिलिमीटरमध्ये, आणि प्रत्येक रेषा बंद. फॉन्टमधून थेट काढलेले अंक शेकडो तुकड्यांत येतात. माझ्या ९ ची शेपटी त्यांनी स्वतः बसून जोडली, त्याचे पैसे घेतले नाहीत. पुढचं काम जर्मन सिल्व्हरच्या (चांदीसारख्या दिसणाऱ्या मिश्रधातूच्या) मिनिटांच्या कड्याचं आहे, तेही थप्पीतच, आणि ते त्यांच्याकडेच देणार आहे.