वाड्यावर निधी आला तर: सिमेंटची खडपं, शिणाणे की मोठा आस?

गोव्यातल्या एखाद्या मासेमार वाड्याला आधार द्यायचा म्हटलं की पुढे येणाऱ्या योजना साधारण तीनच: समुद्रात कृत्रिम भित्तिका सोडा, खाडीत शिणाण्यांची (शिंपल्यातल्या मसलची) शेती करा, नाहीतर मोठ्या आसाची, म्हणजे मोठ्या भोकांची, जाळी घ्या. पैसा एकाच कामापुरता असेल तर आधी आपल्या वाड्यावर मासा धरतात कसा ते बघा. योजनेचा कागद त्यानंतर.

भित्तिका म्हणजे सिमेंटचे पोकळ त्रिकोण, कड्या, खोकी. तळाशी गेल्यावर त्यांच्यावर शेवाळ चढतं, कालवं धरतात आणि पोकळीत गोबरा, तांबोशी असे खडपातले मासे वस्तीला येतात. गरीवर पोट असणाऱ्याला हे घरचं खडप मिळाल्यासारखंच. शिवाय तळ खरवडत येणाऱ्या ट्रॉलरचं जाळं अशा ठिकाणी अडकून फाटतं, त्यामुळे तो तिथून लांब राहतो. माझ्या मते भित्तिकेचा खरा फायदा हाच.

पण जे ट्रॉलरला नडतं ते रापणीलाही नडतं. होडीतून अर्धगोलात जाळं सोडायचं आणि दोन्ही बाजूंचे दोर किनाऱ्यावरून ओढायचे, ही रापण. जाळ्याची खालची कड वाळू घासतच येते. वाटेत सिमेंटचा एक त्रिकोण लागला तर अख्ख्या रापणसंघाचं जाळं गेलं. आणि रापणीचा मुख्य मासा म्हणजे तारली आणि बांगडा. हे थव्याने भटकणारे मासे भित्तिकेला घर मानत नाहीत. म्हणजे गरीवाल्याची सोय आणि रापणकाराचं नुकसान, तेही एकाच वाड्यात. नदीच्या मुखासमोर तर विचारही नको, चिखलात सगळं रुतून बसेल. शिवाय मासा जमणं वेगळं आणि वाढणं वेगळं. पहिल्याच वर्षी सगळ्यांनी तिथे गरी टाकली, तर आपण फक्त विखुरलेला मासा एका जागी आणून संपवला.

शिणाण्यांचा हिशेब सोपा. बी दोराला लावून वर सुती जाळीची पट्टी गुंडाळायची. पट्टी कुजून जाईपर्यंत शिणाण्यांनी आपल्या धाग्यांनी दोर पकडलेला असतो. खाद्याचा खर्च नाही, पाण्यातून ते आपलं आपण गाळून घेतात. केरळात कासरगोडकडच्या पडन्ना खाडीत बायकांच्या गटांनी हे काम वर्षानुवर्षं केलं आहे. 2020 साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत महिलांना 60 टक्के अनुदान ठेवलं, इतर सर्वसाधारण लाभार्थ्यांना 40 टक्के. मात्र नोव्हेंबर-डिसेंबरात लावलेलं पीक पावसाआधी काढायलाच हवं, कारण गोडं पाणी उतरलं की शिणाणे मरतात. आणि पाणी गाळणारा जीव पाण्यातली घाणही गाळतो. खाडीत हॉटेलांचं सांडपाणी येत असेल तर आधी पाणी तपासून घ्या, दोर नंतर. साळ, शापोरा, तेरेखोल, कुठलीही नदी असो. समुद्रातल्या माशाला याने काही मिळत नाही, हेही लक्षात असू द्या. ही घरातल्या बायकांची कमाई आहे, आणि तेवढ्यासाठीही ती चांगलीच आहे.

उरला आस. ट्रॉलरच्या जाळ्याच्या शेवटच्या पिशवीला 40 मिलिमीटरचा चौकोनी आस लावा, असं शास्त्रज्ञ सांगतात. शंकरपाळ्याच्या आकाराचा आस ओढताना मिटतो, चौकोनी उघडा राहतो आणि बारकी मासळी निसटते. केरळने तर 14 सेंटिमीटरपेक्षा लहान बांगडा धरण्यावरच बंदी घातली. आमच्याकडे बोट दाखवायला ट्रॉलर सोपा, पण बारीक आसाची रापणही पिल्लं ओढते. आपल्या माणसांबद्दल हे बोलायला जड जातं. मोठ्या आसाची खोट एकच: तुम्ही सोडलेलं पिल्लू शेजारच्या गावाने धरलं तर तुमचा त्याग फुकट. म्हणून हे काम एका वाड्याचं नाही, लागून असलेल्या चार-पाच गावांनी मिळून करायचं, आणि पैसा जाळ्यापुरताच नको, पहिल्या हंगामातली घट भरून काढण्यापुरताही हवा.

तिन्हीवर पाणी फिरवणारी गोष्ट एकच: पाच किलोमीटरची हद्द न पाळणं. रापणकारांच्या लढ्यानंतर 1980 साली गोव्यात कायदा आला, यांत्रिक बोटींना किनाऱ्याजवळचा हा पट्टा बंद झाला. 2017 साली केंद्राने एलईडी दिव्यांनी मासा ओढून घेणारी मासेमारी आणि बुल ट्रॉलिंग, म्हणजे दोन बोटींनी मिळून एक जाळं ओढणं, बंद केलं. कागद पक्के आहेत, गस्त कच्ची. निधीतून थोडे पैसे दुर्बीण, जीपीएस आणि घुसणाऱ्या बोटींची नोंदवही यांना द्या. मागणारा कोणी भेटणार नाही, तरीही द्या.

मला विचाराल तर रापणीच्या गावात आधी आस. गरीच्या गावात भित्तिका चालेल, पण रापणीची हद्द संपल्यावर आणि पाच किलोमीटरच्या आत. जागा ठरवताना कंत्राटदाराच्या होडीत गावातला सगळ्यात जुना रापणकार बसवा. स्वच्छ खाडी असेल तर शिणाणे. आणि निधी येणार कधी, ते आधी विचारा. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, जाळी विणायची-शिवायची तीच वेळ. पैसा ऑगस्टात हातात पडला तर जुनंच जाळं पुन्हा पाण्यात जाईल.