मायनस नंबर रोखायला: थेंब की खास काच?

लेकीचा नंबर वर्षभरात मायनस दीडवरून अडीचवर गेला. साध्या चष्म्याने फळा दिसतो, पण बुबुळामागे डोळा लांबत राहतो, ते काही थांबत नाही. डॉक्टरांनी दोन वाटा सांगितल्या.

पहिली, अ‍ॅट्रोपिन या औषधाचे कमी तीव्रतेचे थेंब. रात्री झोपताना एकेक थेंब, तोही सलग काही वर्षं. इथे तीव्रता फार महत्त्वाची. हाँगकाँगच्या अभ्यासात पहिल्या वर्षी ०.०५ टक्के थेंबांनी नंबर वाढण्याचा वेग सुमारे ६७ टक्के कमी झाला, ०.०१ टक्क्याने जेमतेम २७. मात्र डोस जास्त असेल तर बाहुली थोडी मोठी राहते, ऊन खुपतं, जवळचं वाचताना त्रास होऊ शकतो. थेंब अचानक बंद केले तर नंबर पुन्हा पळतो. बंद करायचे ते डॉक्टरांच्या सल्ल्यानेच.

दुसरी, खास काचेचा चष्मा. मधोमध नेहमीचा नंबर, भोवती शेकडो बारीक भिंगं. उजेडात तिरकी धरली की मधमाश्यांच्या पोळ्यासारखी दिसतात. हाँगकाँगमध्येच दोन वर्षांत या काचांनी वेग जवळपास निम्म्यावर आणला. औषध नाही, पण किंमत साध्या चष्म्याच्या कितीतरी पट, आणि दिवसभर नाकावर हवाच.

आम्ही चष्मा घेतला, कारण लेक तो काढतच नाही. जे मूल तासाला चष्मा काढून ठेवतं, त्याला मी थेंबच सुचवेन. रोज दोन तास मैदानावर मात्र दोघांनीही जायचं.