कॅलिफोर्नियातली बिझनेसची असोसिएट डिग्री: चार सेमिस्टरनंतरचा हिशेब

आधी निकाल सांगून टाकू. कॅलिफोर्नियाच्या कम्युनिटी कॉलेजातली बिझनेस ॲडमिनिस्ट्रेशनची असोसिएट डिग्री, म्हणजे दोन वर्षांची पदवी, पैशाच्या मानाने फायद्याची आहे, पण ती चार वर्षांच्या विद्यापीठात तिसऱ्या वर्षाला जायचं असेल तरच. नुसत्या या कागदावर नोकरी शोधणाऱ्याला बँकेच्या काउंटरपलीकडे फार दारं उघडत नाहीत.

नावावरून पहिला घोळ होतो. एकाच कॉलेजात बिझनेसच्या दोन-तीन डिग्र्या असतात. साधी एए (असोसिएट इन आर्ट्स) किंवा एएस (असोसिएट इन सायन्स) कॉलेजपुरती. आपल्याला हवी ती 'एएस-टी', म्हणजे ट्रान्सफरसाठीची. 2010 च्या राज्य कायद्यातून ती आली. तिच्यावर कॅल स्टेटमध्ये, म्हणजे कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीत, प्रवेशाची हमी मिळते आणि तिथे मिळत्याजुळत्या मेजरमध्ये (मुख्य विषयात) उरलेल्या 60 युनिटांत (श्रेयांकांत) बॅचलर्स पुरं होतं. मात्र हमी 'कुठल्यातरी' कॅम्पसची आहे, आवडत्या कॅम्पसची नाही. सॅन होजे स्टेटसारख्या गर्दीच्या ठिकाणी स्पर्धा करावीच लागते. हे वाक्य माहितीपत्रकात असतं, फक्त बारीक अक्षरात.

असोसिएट डिग्रीला एकूण 60 सेमिस्टर युनिटं लागतात. राज्याच्या रहिवाशाला युनिटला 46 डॉलर, म्हणजे अख्ख्या डिग्रीचे 2,760 डॉलर. हेल्थ फी, पार्किंग आणि पुस्तकं वेगळी. अनिवासी दर याच्या कितीतरी पट असतो, त्यामुळे 'रेसिडेन्सी'चा प्रश्न कोर्स निवडण्याआधी सोडवावा. सत्र सुरू होण्याच्या आदल्या दिवसापर्यंत एक वर्षाहून जास्त वास्तव्य आणि इथेच राहण्याचा इरादा, दोन्ही कागदावर दाखवावे लागतात: राज्याचा टॅक्स रिटर्न, ड्रायव्हिंग लायसन्स, भाडेकरार. एच-4 (एच-1बी नोकरदाराच्या कुटुंबाचा व्हिसा) वर असलेल्यांना ही रेसिडेन्सी मिळू शकते, एफ-1 (विद्यार्थी व्हिसा) वाल्यांना नाही. बे एरियातल्या मराठी घरांत इथेच गाडी अडते. मुलगा 21 चा झाला की एच-4 संपतो, ग्रीन कार्डाची रांग तशीच असते, आणि एफ-1 घेतला की फी एका सत्रात उडी मारते. शिवाय एफ-1 वर सत्राला किमान 12 युनिटं घ्यावी लागतात आणि त्यांत ऑनलाइन एकच कोर्स धरला जातो. मुलाचं वय विसाच्या आसपास असेल तर चार सेमिस्टरचा आराखडा तारखांसकट मांडा.

आता अभ्यास. फायनान्शियल आणि मॅनेजेरियल अकाउंटिंग, मायक्रो आणि मॅक्रो इकॉनॉमिक्स, बिझनेस लॉ, स्टॅटिस्टिक्स किंवा कॅल्क्युलस हा गाभा. तीन युनिटांचा कोर्स म्हणजे वर्गासकट आठवड्याला नऊ तास. हा आकडा अकाउंटिंगच्या बाबतीत कमी पडतो.

बी.कॉम. झालेल्यांना वाटतं फायनान्शियल अकाउंटिंग म्हणजे डाव्या हातचा मळ. जर्नल एंट्रीपर्यंत तो असतोच. पुढे सवयी नडतात. लेजरमध्ये 'टू' आणि 'बाय' इथे कोणी लिहीत नाही. 'स्टॉक' म्हटलं की गोदामातला माल नव्हे, शेअर. मालाला इन्व्हेंटरी. संड्री डेटर्स नाहीत, अकाउंट्स रिसिव्हेबल. ताळेबंदात रोकड सगळ्यात वर आणि इमारत-यंत्रं खाली, आपल्या नेमकं उलटं. ट्रेडिंग अकाउंट वेगळं निघत नाही. मालाची किंमत काढायला लिफो (शेवटी आलेला माल आधी खपला असं धरणं) चालतो, जो भारतीय मानकांत बाद आहे. पहिल्या मिडटर्मला मार्क जातात ते या भाषांतरात, गणितात नाही. मॅनेजेरियलमध्ये कॉस्टिंगवाल्यांना मात्र खरंच आराम.

पुस्तकाचा खर्च फसवा आहे. जुनं पुस्तक स्वस्तात मिळतं, पण गृहपाठ प्रकाशकाच्या साइटवर असेल तर ॲक्सेस कोड नवाच घ्यावा लागतो आणि तो पुढच्या वर्षी कामाला येत नाही. वेळापत्रकात 'झिरो टेक्स्टबुक कॉस्ट'ची खूण असलेले वर्ग आधी शोधा. ओपनस्टॅक्सचं अकाउंटिंगचं पुस्तक फुकट आहे आणि पहिल्या दोन कोर्सना पुरतं.

कॉलेज निवडताना सेमिस्टर की क्वार्टर (त्याहून छोटं सत्र), हे बघा. बे एरियातली ओहलोनी, मिशन, वेस्ट व्हॅली ही कॉलेजं सेमिस्टरवाली. डी अँझा आणि फूटहिल क्वार्टरवाले, तिथे 90 युनिटं म्हणजे आपली 60. डी अँझात अकाउंटिंग तीन तुकड्यांत येतं, सेमिस्टरच्या कॉलेजात दोन. मालिकेच्या मध्यात कॉलेज बदललं तर अर्धा तुकडा हवेत लटकतो. एक मालिका एकाच ठिकाणी संपवा. क्वार्टर 12 आठवड्यांचा असल्याने तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात मिडटर्म येऊन ठेपते, आणि एकदा आजारी पडलेला विद्यार्थी सावरत नाही.

जनरल एज्युकेशनसाठी, म्हणजे मेजरबाहेरच्या सक्तीच्या सर्वसाधारण विषयांसाठी, 2025 पासून कॅल-जेटसी हा नमुना आहे: 11 कोर्स, 34 युनिटं. भाषण, इंग्रजी लेखन, क्रिटिकल थिंकिंग आणि गणित शेवटच्या सत्रासाठी ठेवू नका. क्रिटिकल थिंकिंगला आधी इंग्रजी लेखन झालेलं लागतं, म्हणजे ही साखळी दोन सत्रं खातेच.

यूसीला, म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाला, जायचं असेल तर खेळ वेगळा. एएस-टीची हमी तिथे नाही. 'टॅग' नावाची वेगळी प्रवेशहमी यूसीचे सहा कॅम्पस, डेव्हिस, अर्व्हाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सांता बार्बरा आणि सांता क्रूझ देतात, पण प्रत्येक मेजरला नाही, आणि तिचा अर्ज सप्टेंबरमध्येच करायचा. स्टॅटिस्टिक्सवर भागवलेल्यांना इथे कॅल्क्युलस आडवं येतं. असिस्ट या सरकारी साइटवर आपलं कॉलेज, हवा तो कॅम्पस आणि मेजर टाका, कोर्सला कोर्स जुळवून यादी मिळते. काउन्सिलर भेटण्याआधी ती छापून न्या. अर्ध्या तासाच्या भेटीत ते शून्यातून सुरुवात करणार नाहीत.

नोंदणीत वेटलिस्टवर असाल तर पहिल्या तासाला हजर राहा. न आलेल्यांची जागा त्याच दिवशी सुटते आणि प्रोफेसर नोंदणीचा कोड देतात. झेपत नसेल तर कॉलेजच्या परताव्याच्या मुदतीत सोडा, पैसे परत मिळतात. त्यानंतर सोडाल तर पैसे गेले, आणि आणखी उशीर केला तर गुणपत्रकावर 'डब्ल्यू' (कोर्स सोडल्याची खूण) लागतो. तोही एक प्रयत्न म्हणून मोजला जातो, आणि एका कोर्सला सर्वसाधारणपणे तीनच प्रयत्न. बिझनेसच्या कोर्सना किमान सी ग्रेड हवा, डी मिळाला तर एकूण सरासरी बरी असूनही तो एएस-टीत धरत नाहीत.

डिग्री आपोआप हातात पडेल असं धरून चालू नका. शेवटच्या सत्रात पदवीचा अर्ज वेगळा भरायचा असतो, त्याची मुदत परीक्षेच्या कितीतरी आधी संपते, आणि कॅल स्टेटला एएस-टीची पडताळणी कॉलेजकडूनच जावी लागते.