घरगुती हवा-मापकासाठी सेन्सर: उन्हाळा, पावसाळा आणि कापसाचा हंगाम काढल्यावर

धुरे (शेताचे बांध) पेटवण्याच्या दिवसांपासून कापूस वेचणीपर्यंत वापरून झालं, आता लिहायला हरकत नाही. धुराचे कण मोजायला पीएमएस ५००३ सेन्सर, हवेतल्या ओलाव्यासाठी बीएमई २८० सेन्सर, आणि दोन्ही चालवायला ईएसपी ३२ हा छोटा नियंत्रक बोर्ड. खेड्यावर एवढी जोडी पुरते.

एमक्यू १३५ हा वायू-सेन्सर स्वस्त मिळतो म्हणून घेऊ नका. त्याचा हीटर एकटाच दीडशे मिलीअँपिअर खातो. फोडणी, दमटपणा, शेणखताचा अमोनिया, सगळ्यावर तो सारखाच उसळतो. त्यातून काढलेला कार्बन डायऑक्साइडचा आकडा म्हणजे निव्वळ मनोरंजन. डीएचटी ११ या तापमान-आर्द्रता सेन्सरची हद्द ५० अंशांवर संपते; मे महिन्यात टिनाखालच्या डब्यात तेवढं सहज होतं.

पीएमएस लेझरचा विखुरलेला प्रकाश मोजतो. चूल, पऱ्हाटी, धुरे यांचा बारीक धूर तो लगेच पकडतो. पण जाड धूळ त्याला जवळपास दिसतच नाही. थ्रेशरवर सोयाबीनचं कुटार उडत असताना पीएम १० चा (१० मायक्रॉनपर्यंतच्या कणांचा) आकडा पीएम २.५ च्या (२.५ मायक्रॉनपर्यंतच्या कणांच्या) जरासाच वर राहतो. सेन्सर बिघडलेला नसतो, त्याची कुवतच तेवढी. पीएम १० वर विसंबू नका.

जोडणी: पीएमएसच्या पंख्याला ५ व्होल्ट लागतात, डेटाच्या तारा मात्र ३.३ च्या, म्हणून ईएसपीला थेट जमतं. पिना १.२५ मिलिमीटरवर असतात, हातानं डाग देणं जिकिरीचं, केबलसकट घ्या. धातूचं कवच ग्राउंडला जोडलेलं असतं, ते बोर्डाला टेकू देऊ नका. डेटाचा वेग ९६०० बॉड, प्रत्येक पाकीट ३२ बाइटचं, सुरुवात हेक्सात ४२ ४डी. चेकसम (पाकीट धड आलं का हे सांगणारी बेरीज) तपासा आणि पंखा सुरू झाल्यावरची पहिली ३० सेकंदं टाकून द्या. आकड्यांचे दोन संच येतात, बाहेरच्या हवेला दुसरा घ्यायचा.

खरा वैरी रुईचे तंतू. गावात जिनिंग असेल तर ते आत जाऊन पंख्याला गुंडाळतात. मच्छरदाणीची जाळी डब्याच्या खिडकीला लावा, सेन्सरच्या तोंडाला नाही. स्पंज तर नकोच, तो कणच अडवतो. हवा आत-बाहेर एकाच बाजूनं होते. समोर २ सेंटिमीटर मोकळं नसेल तर तीच हवा फिरून मोजली जाते. डबा छातीच्या उंचीवर, तोंड खाली, कूलरपासून लांब.

पावसाळ्यात आर्द्रता ८० टक्क्यांपुढे गेली की कण पाणी पिऊन फुगतात आणि आकडा उगाच चढतो. धुक्याच्या सकाळीही तेच. म्हणून प्रत्येक नोंदीशेजारी आर्द्रता लिहा, ८० च्या वरच्या नोंदींवर खूण करा. इथंच फसगत होते: बीएमई म्हणून पुष्कळदा बीएमपी २८० हाती येतो, त्यात आर्द्रता नसतेच. सेन्सरमधून वाचलेला चिप आयडी (ओळख-क्रमांक) हेक्सात ६० आला तर बीएमई, ५८ आला तर बीएमपी, परत करा.

पीएमएसऐवजी एसडीएस ०११ हा कण-सेन्सरही वाईट नाही, पण त्याचं आयुष्य सुमारे ८००० तास, म्हणजे अखंड चालवला तर वर्षही नाही. कामाचा कालावधी ५ मिनिटांवर ठेवा: ३० सेकंद चालतो, बाकी झोपतो. जिनिंगच्या अगदी शेजारी असाल आणि खिसा परवानगी देत असेल तर एसपीएस ३० हा कण-सेन्सर घ्या, तो आठवड्यातून एकदा पंखा जोरात फिरवून स्वतःला झाडतो.

पीएम २.५ ची आपल्याकडची दर घनमीटर ६० मायक्रोग्रॅमची मर्यादा २४ तासांच्या सरासरीची आहे. चूल पेटल्यावर दिसलेला ३०० तिच्याशी ताडून पाहू नका. दिवसभराच्या नोंदी जमल्यावरच सरासरी काढा.