एमसीएक्सचा क्रूड मिनी वायदा: पेटतं आखातात, भाव ठरतो अमेरिकेत

इराण-इस्रायल भडकलं की अनेकांचा हात एमसीएक्स या कमोडिटी बाजारातल्या क्रूडच्या (कच्च्या तेलाच्या) वायद्याकडे, म्हणजे पुढच्या तारखेच्या सौद्याकडे जातो. पण विकत काय घेतोय ते आधी बघा. मोठा लॉट, म्हणजे एका सौद्याचं माप, 100 पिंपांचा, मिनी 10 पिंपांचा. भाव एक रुपया हलला की मिनीत 10 रुपयांचा फरक. तेलाची डिलिव्हरी नाही, सगळं रोखीत. आणि सेटलमेंट, म्हणजे शेवटचा हिशेब, होते न्यूयॉर्कच्या डब्ल्यूटीआय या अमेरिकी तेलाच्या भावावर, रुपयांत रूपांतर करून.

खरी मेख इथेच आहे. डब्ल्यूटीआय म्हणजे ओक्लाहोमातल्या कुशिंगचं, बंदरापासून दूर टाक्यांत साठणारं तेल. आखातातलं तेल बाहेर पडतं ती होर्मुझची सागरी वाट अडली तर आधी तापतात दुबई, ओमान आणि उत्तर समुद्रातलं ब्रेंट या तेलांचे भाव. 2011 मध्ये लिबियाचं तेल थांबलं आणि त्याच काळात कुशिंगला साठा तुंबला होता. ब्रेंट डब्ल्यूटीआयपेक्षा 20 डॉलरहून जास्त महाग झालं. भारत आयात करतो त्या तेलाचा सरासरी (आयात-बास्केटचा) भावही दुबई-ओमान आणि ब्रेंटवरूनच काढतात. त्यामुळे डिझेलच्या खर्चाला आधार म्हणून ट्रान्सपोर्टवाल्यांनी हा वायदा घेऊ नये. पंपावरचा भाव तर महिनोन्महिने हलतही नाही.

दुसरी अडचण शनिवार-रविवारची. 14 सप्टेंबर 2019 ला, शनिवारी, सौदीच्या अबकैक तेलप्रकल्पावर हल्ला झाला आणि रोजचं सुमारे 57 लाख पिंप उत्पादन बंद पडलं. सोमवारी भाव उघडलाच गॅपने, म्हणजे थेट वरच्या पातळीवर, आणि तोटा थांबवायला लावलेला स्टॉप लॉस ओलांडून पुढे गेला. महिनाअखेर ब्रेंट जवळपास हल्ल्याआधीच्या पातळीवर! भाव पडेल म्हणून वायदा विकून बसायचंच असेल तर शुक्रवारी सोबत कॉल ऑप्शन, म्हणजे ठरलेल्या भावाला खरेदीचा हक्क, घ्या. मात्र एक्स्पायरीला (मुदत संपताना) इन-द-मनी, म्हणजे फायद्यात असलेल्या, ऑप्शनचा वायदा होतो, त्यासाठी मार्जिन (अनामत रक्कम) हाताशी हवं.

खरेदीदारही निर्धास्त नाही. 20 एप्रिल 2020 ला, एक्स्पायरीच्याच दिवशी, लॉकडाऊनमुळे इथला बाजार संध्याकाळी पाचला बंद झाला, शेवटचा भाव 965 रुपये. रात्री न्यूयॉर्कला भाव शून्याखाली गेला आणि सेटलमेंट झाली उणे 2,884 रुपयांना. एक्स्पायरीच्या दिवसापर्यंत पोझिशन धरून ठेवू नये, हे तेव्हापासून वेगळं सांगावं लागत नाही.

चालू महिन्याच्या वायद्यात उलाढाल भरपूर, मिनीचा आकारही शिकणाऱ्याला परवडणारा. पण ‘स्वस्त तेलाचे दिवस संपले’ यावर दोन-तीन वर्षांचा डाव लावायला हा माल चुकीचा. लांबच्या महिन्यांत सौदे तुरळक, म्हणून दर महिन्याला रोलओव्हर, म्हणजे जुना वायदा विकून पुढच्या महिन्याचा घेणं, करावा लागतो; पुढचा महिना महाग असेल तर प्रत्येक रोलओव्हरला लाँगवाल्याचा (खरेदी करून बसलेल्याचा) खिसा हलका होतो. अशांततेत उलट, जवळचा महिना जास्त चढतो. तेवढ्या चार-सहा आठवड्यांपुरताच हा वायदा कामाचा.