कपल हेल्थ चेकअप: बाबांचं अख्खं, आईचं अर्धंमुर्धं (२ स्टार)

आईबाबांच्या लग्नाला ३५ वर्षं झाली म्हणून आमच्या भागातल्या एका लॅबमध्ये दोघांचं कपल फुल बॉडी चेकअप बुक केलं होतं, ५,४९९ रुपये. नाव टाकत नाही, उगाच वाद नको.

आधी चांगलं सांगते. लॅब चकाचक, पार्किंग आहे, रक्त घेणारी मुलगी हाताची एकदम हलकी, आईची शीर एरवी कुणाला सापडत नाही तिने पहिल्याच फटक्यात काढलं. नंतर उपमा-चहा मिळतो, उपमा बरा होता.

आता रडगाणं. कपल म्हणजे दोघांना सेम टेस्ट असं मी धरून चालले, बारीक अक्षरं वाचली नाहीत ही माझी चूक. बाबांच्या यादीत ईसीजी, टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी), टीएमटी (पट्ट्यावर चालवून काढतात तो ईसीजी), हार्टचं सगळं. आईच्या यादीत थायरॉइड, व्हिटॅमिन डी, मॅमोग्राफी (स्तनांचा एक्स-रे), पॅप स्मिअर (गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरसाठीची तपासणी), आणि हार्टचं एकही नाही! काउंटरवर विचारलं तर म्हणे मॅडम लेडीजना हार्टचं कमी असतं. अहो पाळी गेली की तो धोका वाढतो, आईची जाऊन ८ वर्षं झालीत, वर शुगर आहे. त्यात बायकांना अटॅक आला तरी कधी कधी छातीत कळ येतच नाही, नुसता दम लागतो, मळमळतं, पाठ नाहीतर जबडा दुखतो, आणि घरात आपण ऍसिडिटीची गोळी देऊन झोपवतो.

पॅप स्मिअरला लेडी डॉक्टर फक्त मंगळवार-शुक्रवार, आम्ही गेलो रविवारी, हे बुकिंगच्या वेळी कुणी सांगितलं नाही. मॅमोग्राफीला टेक्निशियन पुरुष, आई म्हणाली राहू दे गं. राहिलं. पैसे अर्थात परत नाहीत.

रिपोर्ट समजावणाऱ्या डॉक्टरांनी बाबांच्या कोलेस्टेरॉलवर पंधरा मिनिटं घेतली. आईचं हिमोग्लोबिन ८.९, बायकांना निदान १२ हवं, तर त्यावर "लेडीजमध्ये कॉमन आहे, बीट खा" एवढंच. कॉमन आहेच हो, २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के बायकांना ऍनिमिया निघाला, पुरुषांत २१.९. पण आईची पाळी कधीच बंद झालीय, मग रक्त जातंय कुठं हे विचारायला नको? शेवटी आमच्या फॅमिली डॉक्टरांनी फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा कळतो ती रक्ततपासणी) आणि शौचाची तपासणी लिहून दिली. त्यांनी सहज विचारलं जेवता कधी, आई म्हणाली सगळ्यांचं झालं की. त्या रात्री मी पहिल्यांदा नीट बघितलं, उसळ आमच्या ताटांत संपलेली आणि ही पोळीने कढई पुसून खातेय, वर लगेच चहा, म्हणजे जे काही लोह पोटात गेलं तेही धड अंगी लागायचं नाही. यात लॅबचा दोष नाही, आमचाच आहे.

जाणार असाल तर आईसाठी ईसीजी वेगळा मागा, २५० रुपयांत करतात, आणि मंगळवार किंवा शुक्रवारच घ्या. रिपोर्ट ईमेलवर येतात, आईचा तुम्हीच उघडा, आमची बाबांचा वाचत बसली होती, स्वतःचा तिने उघडलाही नाही.

येत्या मंगळवारी राहिलेल्या दोन्ही टेस्टना परत जातोय. परत पैसे पडणार असतील तर नको, हे तिचं सकाळपासून तीनदा सांगून झालंय.