इव्होल्यूशन चेंबर: पहिल्या पाच मिनिटांचा काटेकोर हिशेब

'स्टारक्राफ्ट २' हा डावपेचांचा खेळ २०१० साली आला आणि त्याच वर्षी त्यातील तीन पक्षांपैकी झर्ग या पक्षाच्या सुरुवातीच्या चाली शोधून देणारे 'इव्होल्यूशन चेंबर' हे जावामधील मोफत सॉफ्टवेअर तयार झाले. जुळे सोलापुरातील आमच्या घरच्या संगणकावर मी ते अलीकडे चालवून पाहिले. किती रोच (झर्गचे लढवय्ये प्राणी) हवेत हे सांगितले की ते चालींचे अनेक क्रम तयार करते, प्रत्येक क्रम खेळाच्या नियमांनुसार चालवून पाहते आणि उद्दिष्टाकडे लवकर पोहोचणाऱ्या क्रमांचा संकर करून, त्यांत लहानसहान बदल घडवून पुढची पिढी निर्माण करते. अनुभवी खेळाडू सवयीने वगळतात तेही पर्याय ते तपासते, हे मला फार मोलाचे वाटते. सात रोचांचा गाजलेला हल्ला अशाच शोधातून निघाला. प्रतिस्पर्धी काय करतो याचा विचार मात्र त्यात नाही. शिवाय त्याचा हिशेब ६ कामगारांच्या जुन्या सुरुवातीवर बेतलेला आहे, तर २०१५पासून डाव १२ कामगारांनी सुरू होतो. म्हणून त्याची उत्तरे आज जशीच्या तशी वापरू नयेत. उत्क्रांती अल्गोरिदम, म्हणजे अशी पिढ्यांमधून उत्तर सुधारत नेणारी पद्धत, शिकू पाहणाऱ्या आपल्या इथल्या अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना मात्र मी ते आग्रहाने सुचवेन.